पातीएवढं गाणं

यंदा कापसाच्या चार पाती मी फवारू दिल्या नाहीत. मुलगा पाठीला तणनाशकाचा पंप अडकवून रानात निघाला होता, मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवी उभी राहिले. तो म्हणाला, "आई, तण माजंल तिथं." म्हटलं, "माजू दे. मला तणच पायजे." तो पंप सावरत दुसऱ्या पातींकडे वळला. आईनं साठी ओलांडली, आता असंच चालायचं, हे त्यानं मनाशी म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. घरी जाऊन बायकोलाही त्यानं सांगितलंच असणार, कारण त्या संध्याकाळी सुनेनं मला न मागता चहा दिला.

श्रावण लागला तसं बाकीचं रान काळंभोर आणि नीटनेटकं दिसायला लागलं, आणि त्या चार पातींत मात्र केना, तरोटा, दुधी, कुंजर, हरळी, सगळे जुने सोयरे येऊन बसले. मी वाकले आणि केन्याचा एक वेल उपटला. मुळाशी लागून आलेली ओली माती, तुटलेल्या देठाचा हिरवा, किंचित आंबूस वास. फवाऱ्याचा वास डोक्यात जातो. हा वास बोटांना लागतो आणि रात्री भाकरी मोडतानासुद्धा जात नाही. इतक्या वर्षांनी तो बोटांना लागला.

माझं माहेर चुडावा. वडील रेल्वेत पॉइंट्समन, घर स्टेशनाला लागून. गाडी जवळ आली की फळीवरच्या ताटल्या हलायच्या, आणि आई न बघता सांगायची, की ही मालगाडी आणि ही पॅसेंजर. रान मी पाहिलं ते डब्याच्या खिडकीतून, पळताना. लग्न होऊन ताडकळसजवळच्या या गावात आले आणि हळदीचा रंग उतरायच्या आत सासूबाईंनी हातात खुरपं दिलं. म्हणाल्या, "ही तुझी पात." मला पात म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

खुरपणीला बाया ओळीनं बसायच्या. प्रत्येकीला कापसाच्या दोन तासांमधली, दोन ओळींमधली, एक पट्टी, ती तिची पात. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत उकिडवं बसून सरकत जायचं. पलीकडच्या धुऱ्यावर लिंबाचं झाड होतं, त्याखाली पाण्याचा माठ. ज्या पहिल्यांदा पोचायच्या त्या पाणी प्यायच्या, सावलीला पाय पसरायच्या, मिसरीची डबी काढायच्या. मी घामाघूम होऊन पोचायचे तेव्हा त्या लुगडी झटकत उठत असायच्या. "चला गं, दुसरी पात." मला ना पाणी, ना सावली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. नव्या सुनेचं असंच व्हायचं, त्यांचंही तसंच झालेलं होतं.

मग मृग उलटून गेल्यावर मथुरा आली.

मथुरा मेंढरंवाल्या घरातली. दिवाळीनंतर तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन दूरदूरच्या रानांत बसायला जायची, पावसाळ्यात गावी असायची. तेव्हा ती आमच्यात रोजानं खुरपायला यायची. काळीसावळी, हाडापेरानं मोठी, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझ्यापेक्षा थोडीच मोठी असेल. अंगाला मेंढरांचा वास यायचा आणि तिला त्याची फिकीर नव्हती. आवाज म्हणाल तर गोड नव्हता. जरा घोगरा, रुंद, माळावर हाका मारून तयार झालेला. पण ती गायला लागली की या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत हवा भरून जायची.

गाणी तिची स्वतःची. आयाबायांची जुनी गाणी तिला येत नव्हती असं नाही, पण ती म्हणायची, "ती जात्यावरची हायत. जातं एका जागी फिरतं, आपुन सरकायलोत." म्हणून तिनं सरकणारं गाणं केलं होतं. पहिली ओळ ती घ्यायची, दुसरी तिच्या शेजारणीनं, तिसरी तिच्या पलीकडचीनं. प्रत्येकीची ओळ ठरलेली. ती तिचीच, दुसरीनं म्हणायची नाही.

चल गं खुरप्या, माती उकलून,
रोप राहू दे, तण दे टाकून.

यातली दुसरी ओळ कलाबाईची होती. कलाबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. तिच्या हाताला जेवढा वेग होता तेवढाच जिभेला.

आणि गाणं पातीएवढं होतं. पात लांब तर गाणं लांब, पात आखूड तर आखूड. शेवटची बाई धुऱ्याला लागली की गाणं संपायचं, त्याच्या आधी नाही. आणि गाणं संपल्याशिवाय माठाला हात लावायचा नाही, हा मथुराचा कायदा. तो कुणी मंजूर केला कुणास ठाऊक, पण सगळ्या पाळायच्या. मी मागं राहिले की मथुरा चाल संथ करायची, मग पुढच्यांचे हात आपोआप संथ व्हायचे. तरीही मी मागंच. मग ती तिथल्या तिथं ओळी जोडायला लागायची आणि आम्ही त्या उचलायचो. माळावरून चाललेल्या एस्टीचा धुराळा, मेंढरामागं फिरणारा बगळा, आमच्या सासूबाईंच्या नथीचा ताठा, जे दिसेल ते गाण्यात. आणि मग माझ्यावर येऊन थांबायची.

चुडाव्याची सून, हिला गाडीची सवय,
खुरपं असं धरती, जसं तिकीट हाय.

बाया हसून हसून लोळायच्या. मलाही हसू यायचं, आणि हसता हसता रडूही. पण तेवढ्यात तहानलेल्या दोघी माझ्या पातीला दुसरीकडून लागलेल्या असायच्या. माया होती की तहान, कोण जाणे. माझी पात मात्र संपायची.

सासूबाई चिडायच्या. "मथुरा, गाणं आखूड कर. दिवस चालला."

"आत्या, गाणं माझं थोडंच हाय? पातीचं हाय. पात संपली की संपल."

शेवटची जी पोचायची तिला गाणं विचारायचं,

धुऱ्याचा हा लिंब कवाची वाट पाहे,
मागून आली ती लेक कोन्या मायची हाये?

तिनं आपल्या आईचं नाव घ्यायचं. नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. आणि नाव घेतलं की पहिलं पाणी तिला.

पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. आईला मी आयुष्यभर आई म्हटलेलं. गावात तिला सगळे पॉइंट्समनची बायको म्हणायचे. तिचं नाव मोठ्यानं घ्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मथुरानं चाल पुन्हा धरली, पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "सरूची." आणि त्या परक्या शिवारात, चुलीपुढं धुरात बसलेली माझी आई एकदम उभी राहिली. मथुरानं तांब्या माझ्या हातात दिला. इतकं गार पाणी मी त्यानंतर कधी प्यायले नाही.

पुढं विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. ऐन खुरपणीचे दिवस होते. एस्ट्या बंद पडल्या. आमच्या गावात आग लागली नाही, पण आसपासच्या बातम्या येत होत्या, आणि ओढ्यापलीकडच्या बाया रानात यायच्या थांबल्या. बायांची पात अर्धीच बसायला लागली. त्या आल्या नाहीत त्या पहिल्या दिवशीही मथुरानं पहिली ओळ घेतली आणि ती गप्प झाली. पुढची ओळ जेवढी, तेवढाच वेळ गप्प. फक्त खुरप्यांचे आवाज. मग पलीकडच्या पद्मिननं तिसरी घेतली.

सासूबाई म्हणाल्या, "का गं मथुरा, थांबायलीस?"

"कलाबाईची ओळ हाय ती."

"मग तू म्हन की."

"माझी न्हाई ती, आत्या."

सबंध खुरपणी आम्ही ते असं भोकंभोकं पडलेलं गाणं म्हणत काढली. कलाबाईची ओळ, तिच्या जावेची, वस्तीतल्या आणखी कुणाकुणाची. त्या त्या जागी सगळ्या गप्प. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. पण रोज, प्रत्येक पातीला, कोण आलं नाही हे आम्हाला कळत राहायचं.

त्या परत आल्या तेव्हा पोळा होऊन गेला होता. लिंबाखाली तेव्हा दोन माठ असायचे. एक आमचा, एक त्यांचा, जरा अंतरावर. मी बघत आले होते, मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. त्या दिवशी कलाबाई, जिच्या हाताशी कुणी बरोबरी करू शकत नव्हतं ती कलाबाई, सगळ्यांत मागून आली. मुद्दाम की हात चालेना म्हणून, ते तिला आजवर विचारलेलं नाही. मथुरानं विचारलं, कोन्या मायची. कलाबाई म्हणाली, "गुनाबाईची." आणि मथुरानं आमच्या माठातून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला.

कलाबाईनं तो तोंडाला लावला नाही. तिनं आमच्या सासूबाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सासूबाईंनी आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊन लय हाय. प्या गं समद्याजनी."

त्यानंतर आमच्या रानात एकच माठ राहिला. घरी काय होतं ते घरी तसंच होतं, खोटं कशाला सांगू. पण रानात एक माठ झाला, आणि तो एका गाण्यानं झाला.

शाळेत एक नवीन मास्तर आले होते, त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता. त्यांनी मथुराचं ऐकलं आणि हरखून गेले. आमच्या ओट्यावर सतरंजी घातली, मध्ये ते यंत्र ठेवलं, मथुराला समोर बसवलं. भोवती आम्ही. मास्तरांनी बटण दाबलं, मथुरा गायला लागली. आम्ही आपापल्या ओळी म्हटल्या. ती पुढं गात राहिली. बगळे आले, एस्टी आली, मास्तरांच्या चष्म्यावर ओळी झाल्या. गाणं काही संपेना. मास्तर हातानं आता पुरे म्हणून खुणा करायला लागले. शेवटी यंत्राचं बटण खाटकन आपोआप वर आलं, कॅसेट संपली.

मास्तर म्हणाले, "अहो बाई, शेवट का नाही केला?"

मथुरा गोंधळून म्हणाली, "धुरा कुटं आला?"

त्या कॅसेटवर पुढं कुणाच्या तरी लग्नातला बँड भरला गेला. मास्तरांची बदली झाली. त्या वेळी कुणालाच काही वाटलं नाही. मथुरा रोज होतीच की.

मग मथुरा राहिली नाही. तिची पोर तेव्हा रांगत होती. कशानं गेली, कोणाचं काय चुकलं, त्याची चर्चा गावानं त्या वेळी पोटभर केली. मला त्यातलं काही आठवायचं नाही. मला आठवतं ते तिचं खुरपं. आमच्या कुडाच्या भिंतीत ती ते खोचून जायची, मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली. ते तिथंच राहिलं. सोनपेठहून तिचा भाऊ आला आणि पोरीला खांद्यावर टाकून घेऊन गेला. पोर त्याच्या पागोट्याशी खेळत होती.

पुढच्या पातीला कुणीच पहिली ओळ घेतली नाही. नुसते खुरप्यांचे आवाज. एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, "लय मुकंमुकं वाटायलंय गं." ज्या बाईनं जन्मभर गाणं आखूड कर म्हणून सांगितलं, तिनं हे म्हटलं. मग कुणी लिंबाला ट्रान्झिस्टर अडकवला. काही वर्षांनी लिंब गेला, त्या जागी पाण्याच्या मोटारीची पेटी आली. विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा कलाबाई पेढे घेऊन घरात आली, पार स्वयंपाकघरापर्यंत. पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मथुरा पायजे व्हती गं आज. तिनं गानं केलं असतं." मग फवारे आले, आणि खुरपणीच गेली.

गेल्या उन्हाळ्यात दारात एक स्कुटी थांबली. चाळिशीची बाई, केस चापून बसवलेले, हातात डबा. परभणीला दवाखान्यात सिस्टर आहे म्हणाली. मी ओळखलं नाही. मग ती हसली. हाडापेर तेच.

"मावशी, मी वंदना. मथुराची."

नाही, असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी वंदना. सोनपेठच्या मामांकडं वाढले ती." आईचं नाव तिनं घेतलंच नाही. घ्यायची सवय नसावी. इतकी वर्षं का आली नाही, मामानं का येऊ दिलं नाही, ते मी विचारलं नाही. तिच्याकडे आईचा फोटो नव्हता. आवाज नव्हता. मामा तिला एवढंच सांगायचा, की तुझी आई गायची.

"काय गायची हो?" तिनं विचारलं. "तुमच्यापैकी कुणाला येतं म्हणून ऐकलंय. मला एकदा ऐकायचंय, बस."

मी कलाबाईला बोलावून आणलं. आमच्या पातीतली पद्मिनही आली, आता तिला ऐकू कमी येतं. आम्ही तिघी ओट्यावर बसलो आणि सुरू केलं. चल गं खुरप्या झालं. रोप राहू दे झालं. तिसऱ्या ओळीला गाडी अडली. पद्मिन म्हणाली, बगळ्याची. कलाबाई म्हणाली, बगळा लांब हाय अजून. मी आठवते आणि हातात धरावं तसं काहीच नाही. चहा झाला, दुसरा झाला. वंदना एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. कुणी ओठ हलवला की पुढं सरकायची. एवढ्या मोठ्या बाईला असं बसलेलं बघवत नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, "राहू द्या, मावशी. एवढं ऐकलं ते खूप झालं." आणि डब्यातले लाडू आम्हाला वाटायला लागली. आम्ही तिघीच उरलो होतो, आणि आमच्याकडून दोन ओळींच्या पुढं काही निघत नव्हतं. ते गाणं आमच्याबरोबर जाणार होतं, आणि तिची आई दुसऱ्यांदा.

कलाबाई उठली, ओट्यावरून खाली उतरली आणि म्हणाली, "बसून न्हाई यायचं ते. सरकायचं गानं हाय. मथुरा तरी कुटं बसून म्हनली? मास्तरची फीत खल्लास झाली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुज्या पोराला सांग, थोडं रान ठिव म्हनावं."

म्हणून त्या चार पाती.

काल वंदना आली. पाऊस दोन दिवस उघडला होता, जमिनीला खुरपायजोगा छान वाफसा होता. मी कुडातलं ते खुरपं केव्हाच पेटीत जपून ठेवलेलं, ते तिच्या हातात दिलं. पातं झिजून बोटभर राहिलंय, चिंधीचा रंग गेलाय. तिनं ते इंजेक्शनासारखं धरलं. कलाबाई म्हणाली, "हीबी चुडाव्याचीच दिसायलीय."

आम्ही बसलो. गुडघ्यांनी जो काही बोभाटा करायचा तो केला. कडेची एक जागा कलाबाईनं मोकळी सोडली, मग स्वतः बसली, मग पद्मिन, मग मी, आणि माझ्या शेजारी वंदना. पाच पाती नव्हत्याच, मोकळी जागा कडेच्या उघड्या धुऱ्यावरच आली. पण कलाबाईनं ती सोडली.

हात चालायला लागले. काही वेळ नुसता आवाज, जुना, मातीत पातं शिरल्याचा. वास वर आला. आणि कलाबाईनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, पहिल्या ओळीएवढी थांबली, आणि मग तिनं आपली ओळ घेतली. पद्मिनच्या तोंडून तिसरी कशी आली ते तिलाही कळलं नाही. माझी आली. मी ती आठवली नाही, ती हातांतून आली. मथुराची जागा आली की आम्ही गप्प, आणि त्या गप्प जागेतही चाल चालूच होती, पुढचीला कुठं उचलायचं ते बरोबर कळत होतं. एस्टीचा धुराळा आला. बगळा आला, कलाबाई म्हणाली होती तसा लांबच. सासूबाईंच्या नथीचा ताठा आला तेव्हा मला हसू आवरेना.

आम्ही धुऱ्याला लागलो. मोटारीच्या पेटीच्या सावलीत पाण्याचा तांब्या होता, तिघींचे घसे कोरडे पडलेले. आणि आठवणीतल्या ओळी संपल्या होत्या. मागं बघितलं तर वंदना अजून पातीच्या मध्यावर. खुरप्याशी धडपडत होती, गालाला चिखल, नजर खाली. ती ऐकत होती. आमचं गाणं थांबलं तशी तिनं मान वर केली, लहान पोरं करतात तशी.

आता काय करायचं? आम्ही जन्मात कुणी एक ओळ केलेली नव्हती. ओळी मथुरानं करायच्या, आम्ही म्हणायच्या. कलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तांब्याकडे पाहिलं. आणि माझं तोंड उघडलं.

सुई टोचणाऱ्या हाता खुरपं जड झालं,
हिच्यापायी आमचं पानी तांब्यामंदी राहिलं.

पद्मिनला ऐकू आलं नाही, पण ती आमचं बघून हसली. कलाबाईनं लगेच पुढची जोडली, स्कुटीवर. मी लाडवांवर. मग परत कलाबाई, मग पद्मिनसुद्धा, काहीतरी भलतंच. चाल मोडली नाही. जमत होतं तसं, वेडंवाकडं, आम्ही गाणं लांबवत राहिलो आणि मला प्रथमच कळलं, की माझ्यासाठी तिला रोज किती लांब जावं लागत होतं.

कलाबाई आणि मी दोघी पलीकडून तिच्या पातीला लागलो. मध्ये केन्याची शेवटची जाळी होती, ती वंदनानंच काढली. उठून धुऱ्यावर आली. गुडघे चिखलाचे, धाप लागलेली. लिंब नव्हता, तरी आम्ही ओळ बदलली नाही.

धुऱ्याचा हा लिंब कवाची वाट पाहे,
मागून आली ती लेक कोन्या मायची हाये?

तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. आम्ही पुन्हा विचारलं. तिनं खुरप्याची मूठ दोन्ही हातांनी धरली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती बोलली. आवाज घोगरा होता, रुंद होता, आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेला.

"मथुराची."

कलाबाईनं तांब्या उचलला आणि पहिलं पाणी तिला दिलं.